पाटीवरची खालची ओळ

मी पंढरी पेंटर. गाव नायगाव तालुक्यातलं, पण पोटासाठी लातुरात येऊन चाळीस वर्षं झाली. गंजगोलाईपासून औसा रोडपर्यंत मी किती पाट्या रंगवल्या हे मला कुणी इचारू नये, माझं डोस्कं फिरतं. आता फ्लेक्सचं राज्य हाय. कुणाचाबी वाढदिवस असला की त्याचं मुंडकं गाडीच्या चाकाएवढं होऊन चौकात लटकतं. दोन महिने ऊन खाल्लं की फाटतं. माझी अक्षरं बघा जाऊन, वीस-वीस वर्षं झाली तरी जागची हलली न्हाईत. ह्या गोष्टीचा मला लई गर्व होता. होता म्हणतोय बघा. आता न्हाई.

माझ्या हातून सगळ्यात जास्त कोणता शब्द गेला असंल तर तो 'शाखा'. बँकेची शाखा, पतसंस्थेची शाखा. पक्षाची शाखा तर इचारूच नका. आज एकाची रंगवायची, निवडणूक झाली की तिच्यावरच पांढरा मारून दुसऱ्याची. शिकवणीवाल्यांना मातर 'शाखा' चालत न्हाई, त्यांना 'ब्रँच' लागती. एक सर मला म्हणले, "पेंटर, शाखा लिहिलं की पालकांना दूध डेअरी वाटती." घ्या! लिहिलं ब्रँच. मोठ्या सडकेतून गावाकडं बारकी सडक फुटली की तिथं 'फाटा' लिहायचा; उमरीकडचे असे दोन-तीन फाटे माझ्याच हातचे हायेत. झाडाच्या फांदीला पाटी लागत न्हाई, तेवढीच सुटली माझ्यातून. आन् पोरगं इंजिनिअरिंगला गेलं की नळावरच्या बायासुदिक इचारतेत, "ब्रँच कोणती भेटली हो?" इंग्रजीत म्हणे ह्या सगळ्याला एकच शब्द हाय. असंल. मला काय त्याचं. मी पोट भरलं त्याच्यावर, आन् पापबी त्याच्यापायीच केलं. तेच सांगायला बसलोय. मधी-मधी बोलू नका.

गोलाईच्या मागच्या गल्लीत धोंडप्पाचं भज्याचं दुकान होतं. नाव 'वीरभद्र भजे सेंटर', पण सगळे धोंडप्पाकडं जायचं असंच म्हणायचे. धोंडप्पा लिंगायत, उदगीरकडचा. बुटका गडी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आन् दोन्ही हातांवर कोपरापर्यंत तेलाच्या ठिणग्यांचे डाग. पोरवयात लातुरात आला, आधी हातगाडी, मग पत्र्याचं दुकान. सकाळी सहाला भट्टी पेटायची. पहिला भजा अग्नीला टाकायचा, हात जोडायचे, मग गिऱ्हाईक. तोंडानं असा की बाप रे. कुणी दुसऱ्यांदा तळलेली मिर्ची मागितली की म्हणायचा, "मिर्ची फुकट हाय, पोट फुकट हाय का रे तुझं?" पण मिर्ची द्यायचाच. गिऱ्हाईकाला त्याच्या शिव्या खाल्ल्याशिवाय भजे गोड लागत नव्हते.

एक गोष्ट त्याच्यात येगळी होती. स्वतःच्या पोराला तो कढईजवळ फिरकू द्यायचा न्हाई. पोरगं एकच, मल्लिनाथ. शाळेतून आलं की ते दुकानात घुटमळायचं, झाऱ्याला हात घालायचं. धोंडप्पा लगेच ओरडायचा, "हट तिकडं! धूर लागंल. अभ्यास कर." त्याची आई नीलम्मा, आम्ही तिला वैनी म्हणतो, आतून हसायची. म्हणायची, "बापाचं नाक घेतलंय, वास सोडत न्हाई." धोंडप्पाला ते आवडत नव्हतं. मला कितीदा तरी म्हणला आसंल, "पेंटर, ह्या कढईसमोरचा मी शेवटचा. माझ्यानंतर हिला उपडी करून ठेवणार."

पोराला नांदेडला इंजिनिअरिंग भेटलं त्या दिवशी धोंडप्पानं गल्लीला भजे वाटले. कुणी इचारायच्या आधीच सांगायचा, "मेक्यानिकल! ब्रँच मेक्यानिकल हाय!" मेकॅनिकलमधी काय शिकवतेत हे त्याला बापजन्मी ठाव नव्हतं, मलाबी नव्हतं. पण त्याचा चेहरा असा फुललता की मीबी चार ठिकाणी सांगितलं.

तीन वर्षांनी पोरगं सुट्टीत आलं आन् बापासमोर उभं राहून म्हणलं, "अप्पा, मला ते जमंना झालंय. मी कॉलेज सोडलंय. नांदेडला आनंदनगरच्या चौकात भज्याचा गाडा टाकलाय. तुमच्यासारखेच लागतेत म्हणतेत लोकं."

मी तिथंच होतो, भजे खाऊन राहिलो होतो. तोंडातला घास तसाच राहिला. मला वाटलं, धोंडप्पा झारा फेकून मारतो का काय. न्हाई मारला. लई हळू आवाजात म्हणला, "मी तीस वर्षं जळलो ते तू जळू नये म्हणून. आन् तू होऊन आगीत गेलास? कुणी ढकललं न्हाई, काही न्हाई, आपल्या पायानं?"

"मला आवडतंय अप्पा."

"आवडतंय!" धोंडप्पा म्हणला. "मग मी कशाला जळलो रे? जा. तुझ्या आगीत तू, माझ्या आगीत मी."

पोरगं गेलं. बाप जिद्दी, आन् लेक बापाचाच.

पुढं दोन वर्षांनी मला मल्लूचा फोन आला. गाड्याचं दुकान झालं होतं. "काका, पाटी रंगवायला या. फ्लेक्स नको. अप्पाच्या पाटीवर हायेत तसलीच अक्षरं पाहिजेत." मी गेलो. खोटं कशाला बोलू, खुशीनं गेलो. कुणी माझं अक्षर मागायला फोन करतंय, ही गोष्टच संपलती. वर 'वीरभद्र भजे सेंटर' लिहिलं. मल्लू म्हणला, "खाली लिहा, लातूरच्या धोंडप्पा भजेवाल्यांची शाखा." मी म्हणलं, "आरं, त्याला इचारलंस का?" तो म्हणला, "इचारून काय होणार हाय काका? ते न्हाईच म्हणणार. पण मी दुसऱ्या कुणाचा हाय? सांगा." लिहिलं. झोकात लिहिलं.

लातुरात आलो तर दुसऱ्याच दिवशी धोंडप्पा म्हणला, "नांदेडला गेलतास म्हणं."

"हाव. मेव्हण्याकडं."

"पाटी कशी झाली?"

त्याच्यापासून काय लपणार? भजे खायला अर्धा नांदेड-लातूर येतो त्याच्याकडं. सांगितलं. खालची ओळ काय तेबी सांगितलं. धोंडप्पा बराच वेळ कढईकडं बघत राहिला. भजे जळायला लागले तरी हलला न्हाई. त्याच्या हातून भजे जळलेले मी त्या एकाच दिवशी बघितले. मग म्हणला, "उद्या ब्रश घेऊन ये. माझ्या पाटीवर एक ओळ वाढव. आमची कुठेही शाखा नाही."

आता ही ओळ काय नवी न्हाई. प्रत्येक गावात एका तरी हट्टी दुकानदाराच्या पाटीवर असती ती. लोकं कौतुकानं वाचतेत. पण ही कुणासाठी होती ते मला ठाव होतं. मी न्हाई म्हणायला पाहिजे होतं. म्हणायला पाहिजे होतं, अप्पा, दुसऱ्या कुणाकडून लिहून घे, बाप-लेकाच्या भांडणात माझा ब्रश नको. पण मी तसं म्हणलो न्हाई. लाल ऑइलपेंट काढला, डबल हात दिला, वर वार्निश मारलं, आन् खाली उतरून स्वतःवरच खूश होऊन म्हणलं, "अप्पा, हे आता आपल्या मरणापर्यंत निघत न्हाई." जीभ झडावी अशी एकेक वाक्यं माणूस बोलून जातो.

आठ वर्षं ती ओळ तिथं राहिली. गिऱ्हाईकं हसायची, पोरं फोटो काढायची, "म्हाताऱ्याचा तोरा बघ." धोंडप्पा आपला भजे तळत राहायचा. मल्लूचं लगीन झालं, त्याला गेला न्हाई. नात झाली, शिवानी, तिच्या बारशाला वैनी एकटी बसनं गेली. येताना फोटो आणला. तो फोटो गल्ल्याच्या मागं, वीरभद्राच्या तसबिरीआड ठेवलेला असायचा. मला वाटायचं वैनीनं ठेवला. एकदा बघितलं तर धोंडप्पाच तसबीर पुसताना तो काढून, धोतराच्या सोग्यानं पुसून, परत ठेवून राहिला होता. मी बघितलं हे त्याला कळलं. "काजळी बसती," म्हणला.

काजळीचंच तर सगळं झालं. चाळीस वर्षं तो धूर त्याच्या छातीत बसला. गेल्या साली श्रावणात दम लागायला लागला, पायऱ्या चढवंना, डोळ्यांत फूल पडलेलं, समोरचं माणूस आवाजावरून ओळखायचा. डॉक्टरनं वैनीला बाजूला घेऊन सांगितलं, आता भट्टी बंद, फार दिवसांचा भरवसा धरू नका. दुकानाचं शटर खाली आलं. दुकानाच्या मागंच त्यांची एक खोली, तिथं खाटेवर तो पडून असायचा.

भाद्रपदात पितरपाट लागला आन् तिसऱ्या दिवशी त्यानं मला बोलावणं धाडलं. गेलो. खाटेवर उठून बसला. दारात कुणी न्हाई ना बघ, म्हणला. मग सांगितलं, "सोमवारी मल्लू येतोय. त्याच्या अव्वानं, तुझ्या वैनीनं, बोलावलंय. पोरीला घेऊन येतोय म्हणं."

"चांगलं झालं की अप्पा!"

"मी काही बोललो न्हाई. हाव म्हणलो न्हाई, न्हाई म्हणलो न्हाई." थोडा दम घेतला. "पेंटर, ती खालची ओळ काढ. तो यायच्या आधी काढ. मला तोंडानं न्हाई जमायचं रे. मी तसला माणूसच न्हाई. पाटी बघंल, तो समजंल."

बघा. माणसानं आठ वर्षांनी जीव काढून एक गोष्ट मागितली. घरी जायचं, रंग खरवडायची पत्री आन् थिनर आणायचं, तासाभराचं काम. आन् मी काय म्हणलो? मी म्हणलो, "अप्पा, पितरपाट चालू हाय. मी ह्या पंधरा दिवसांत ब्रश धरत न्हाई. माझ्या उस्तादानं शिकवलंय, पितरपाटात पाटीला हात लावायचा न्हाई, नवी लिहायची न्हाई, जुनी खोडायची न्हाई. दुकान बसतं. घट बसले की दुसऱ्या मिनिटाला येतो. अशी काढतो की होती का नव्हती."

"आम्हा लिंगायतांना कसला पितरपाट रे?" धोंडप्पा चिडला. "आमचा माणूस गेला की शिवाजवळ गेला. तो कावळा होऊन येत न्हाई भजे मागायला."

"तुम्हाला नसंल, माझ्या ब्रशला हाय," मी म्हणलं. वरून हसलोबी. मला वाटलं, लई चांगला टोला दिला.

त्यात माझं कपट नव्हतं, देवाशपथ सांगतो. आजारी माणसाच्या दुकानाची पाटी पितरपाटात खरवडली आन् त्याला काही झालं तर? मला त्याचीच भीती वाटली. मी म्हणलं, "तेवढ्यापुरतं पोतं टांगा अप्पा." तर तो असा बघितला माझ्याकडं. "दिवाळं निघाल्यावर टांगतेत पोतं. लेक येणार, नात येणार, आन् दुकानाला पोतं?" मग खाटेवर आडवा झाला, भिंतीकडं तोंड केलं. "जा तू. जेव पितरांसंगं."

मी खरंच गेलो. सोमवारी माझ्या वडिलांची तिथी होती, नायगावला. मेलेल्या बापाला घास टाकायला गेलो, जित्या बापाचं काम टाकून. दुपारी पानं वाढून झाली, कावळा काही शिवंना, आन् तेवढ्यात मल्लूचा फोन आला.

"काका, तुम्ही तरी मला आधी सांगायचं होतं."

"काय झालं? पोचलास का?"

"पोचलो आन् माघारी निघालो. अहमदपूरला हाय आता. माझ्या येण्याच्या दिवशी ताजी करून ठेवली का हो ती ओळ? तुमच्याच हातची हाय, मला तुमचा हात कळतो."

"आरं, मी ब्रशला हातच लावला न्हाई! शपथ घेऊन सांगतो."

"चकाकत होती काका! बाकी सगळी पाटी काजळीनं काळी, नाव वाचता येईना, आन् तेवढी एकच ओळ लालभडक. मी रस्त्याच्या पलीकडं रिक्षातून उतरलो, शिवानीचा हात धरलेला. ती आता दुसरीत हाय, पाट्या वाचायचा नाद हाय तिला. मोठ्यानं वाचलं तिनं, आमची कुठेही शाखा नाही. आन् मला म्हणती, बाबा, मग आपली शाखा कुणाची? काय सांगायचं होतं मी तिला? सांगा की काका, काय सांगायचं होतं?" फोन बंद झाला. मग किती लावला तरी उचलला न्हाई.

मला काही उमगंना. बुधवारी लातुरात आलो, तसाच गल्लीत गेलो. लांबूनच दिसलं. आठ वर्षांची तेलकट काजळी सगळ्या पाटीवर, वरचं नाव धुरकट काळं, आन् खालची माझी ओळ कालच लिहिल्यावाणी झळकत होती. शटरखाली स्टूल होतं. स्टुलाशेजारी रॉकेलचा डबा आन् एक फडकं, काळंकुट्ट.

रंगाचं काम ज्यानं केलंय त्याला हे सांगावं लागत न्हाई. रॉकेलनं काजळी निघती. मुरलेला ऑइलपेंट निघत न्हाई, वर वार्निश असलं तर साताजन्मात न्हाई. ज्यानं घासलं त्याला ओळ पुसायची होती. त्यानं ओळीवरचा धूर पुसला, आन् ओळ होती त्याच्यापेक्षा उजळ झाली.

आत गेलो. धोंडप्पा खाटेवर होता, श्वास भात्यासारखा चाललेला. माझ्या पायरवावरून ओळखलं. हसला. "आलास का पितरांचा लाडका? तुझ्याशिवाय काही अडत न्हाई बघ. मी काढली ती ओळ."

वैनी म्हणली, "सोमवारी पहाटे उठून गेले की हो. मी धरून ठेवत होते, ऐकतेत का? स्टुलावर चढून दोन तास घासून राहिले. मी खालून स्टूल धरलं. लेक येणार म्हणून पाटी धुतेत वाटलं मला. लई स्वच्छ झालं म्हणलं मी."

वैनीला वाचता येत न्हाई. धोंडप्पाला दिसत न्हाई. आन् दुकान बंद, गल्लीतलं कोण वर बघून सांगणार?

"निघाली ना रे?" धोंडप्पानं इचारलं. "तू बघितलीस ना येताना? फडकं काळंकुट्ट झालं म्हणली ही, लाल म्हणली न्हाई. पण मी लई जोर लावला. निघाली ना?"

तुम्ही काय म्हणला असता? मी म्हणलो, "निघाली अप्पा. साफ निघाली."

त्यानं डोळे मिटले. तसाच म्हणला, "मग मल्लू कामून आला न्हाई?"

वैनीनं माझ्याकडं बघून डोळ्यानं खुणावलं. तिला मल्लूनं फोनवर एवढंच सांगितलं होतं की पाटी वाचली अव्वा, आता बोलावू नको. ती बिचारी तीन दिवस डोस्कं लावून बसलती, पुसलेल्या पाटीत पोरानं वाचलं काय? धोंडप्पाला तिनं बस भेटली न्हाई असं सांगितलं होतं. मीबी तेच सांगितलं. म्हणलं, "उद्या पहाटेच्या गाडीनं मी सोता नांदेडला जातो, हाताला धरून आणतो."

धोंडप्पानं माझं मनगट धरलं. त्याच्या बोटांना अजून रॉकेलचा वास होता. म्हणला, "आण. आन् आधी पाटी दाखव त्याला. मला काही बोलायला लावू नको. पाटी दाखव."

बाहेर आलो. मनात आलं, आता घरून थिनर आणावं, आत्ताच्या आत्ता खरवडावी, चुलीत गेला पितरपाट. पण पत्र्यावर पत्री घासली की आवाज होणार, आन् आत तो ऐकणार. पुसलेली ओळ पेंटर कामून खरवडून राहिला, हे त्याला कळणार. म्हणून ठेवलं. आधी पोरगं आणू, मग बघू. तिथंबी मी चुकलो का? मला ठाव न्हाई. लई रात्री मी हाच इचार करून काढल्या.

गुरुवारी गाडी लोह्याच्या अलीकडं असताना वैनीच्या शेजारणीचा फोन आला. धोंडप्पा गेला. सकाळी पाणी मागितलं, प्याला, गेला.

मी तसाच पुढं नांदेडला गेलो. आनंदनगरच्या चौकात मल्लूचं दुकान चालू होतं. त्याला अजून फोन लागला नव्हता, गर्दीत होता. पाटीकडं बघितलं. वरचं नाव होतं. खालच्या ओळीवर कुणीतरी चुना फासला होता, आडवातिडवा, रागानं. मल्लू कढईसमोर उभा होता, अगदी बापासारखा, डावा हात कमरेवर. मला बघून म्हणला, "कामून आलात काका? अजून काही खोडायचं राहिलंय का?"

मी म्हणलं, "गॅस बंद कर."

त्यानं बंद केला. मी आधी काय सांगावं? बाप गेला हे सांगावं का पाटीचं सांगावं? मी पाटीचं आधी सांगितलं. पितरपाटाचं सांगितलं, रॉकेलचं सांगितलं, स्टुलाचं सांगितलं. तो ऐकता ऐकता खाली बसला. मग म्हणला, "चला. आत्ता चला. मी पाया पडतो त्यांच्या." तवा मला सांगावं लागलं की आता ते राहिलं न्हाई. त्यानं बायकोला, पोरीला हाक मारली न्हाई, काही न्हाई. डोस्कं गुडघ्यात घालून लहान पोरावाणी रडला. गिऱ्हाईकं हातातले भजे घेऊन तशीच उभी राहिली.

लिंगायताला आडवं नेत न्हाईत, बसवून नेतेत. बांबूचं मखर केलेलं, चारी कोपऱ्यांना केळीचे खुंट, वर आंब्याच्या डहाळ्या, मधी धोंडप्पा बसलेला, कपाळभर विभूती, हातात लिंग. पुढचा खांदा मल्लूचा. स्वामी म्हणले, दुकानासमोर जरा थांबा, चाळीस वर्षं उभा राहिलाय तो इथं. थांबले. धोंडप्पाचं तोंड नेमकं पाटीकडं होतं. खांदा बदलून मल्लू पुढं आला, वर बघितलं, ती लाल ओळ, मग बापाच्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघितलं. "अप्पा, मला कळलं न्हाई हो," म्हणला. "मी पळून गेलो अप्पा. तुम्ही आतच होतात. दहा पावलं होती." दोघा-तिघांनी त्याला धरलं. वैनी रडत नव्हती. ती पाटीकडं बघून राहिली होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं तोवर तिथं काय लिहिलंय ते.

तिसऱ्या दिवशी मी थिनर, पत्री घेऊन गेलो. पितरपाट अजून चालूच होता. माझ्या उस्तादाचा नेम मोडायला आलतो. स्टुलावर चढलो. मल्लू आतून आला आन् माझा पाय धरला.

"काका, उतरा. राहू द्या ती ओळ."

"आरं, खोटं हाय ते. मीच लिहिलंय, मीच काढतो. मला तेवढं तरी करू दे."

"न्हाई. अप्पाचा हात तिच्यावरून शेवटचा फिरलाय. दोन तास फिरलाय." त्यानं माझा पाय सोडला न्हाई. "माझ्यासाठी फिरलाय काका. ते तुम्ही खरवडून टाकणार?"

मी उतरलो.

वैनी आता नांदेडला लेकाकडं असती. तिथल्या पाटीवरचा चुना मी धुऊन काढला, खालची ओळ परत लिहिली, धोंडप्पा भजेवाल्यांची शाखा. लातूरचं दुकान मल्लू आठवड्यातून दोन दिवस येऊन उघडतो. कढई उपडी केली न्हाई. नवं पोस्टर लाव, नवी पाटी कर म्हणून सगळे सांगतेत, तो ऐकत न्हाई. फोटो काढणारे अजून काढतेत, तोरा बघा म्हणतेत. म्हणू देत.

औंदा पितरपाटात मी गेलो होतो. ब्रश अजून धरत न्हाई त्या दिवसांत, पण फडकं धरायला कुठं मनाई हाय? वर्षभरात त्या ओळीवर परत काजळी बसली होती. स्टुलावर चढून मी ती पुसून राहिलो होतो, हळूहळू, एकेक अक्षर. शिवानी खाली उभी होती, स्टूल धरून. आता तिसरीत गेलीय. तिनं परत ती ओळ मोठ्यानं वाचली. मग मला म्हणली, "पेंटर आजोबा, हे खरं हाय का?"

"न्हाई बाळा. तुझ्या आज्यानं ते पुसलंय."

तिनं वर बघितलं, नीट बघितलं. "पण दिसतंय की."

"दिसतंय," मी म्हणलं. "पण त्यानं पुसलंय."